रेणुका म्हणजे धूळ

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या सुनेला कुणी नावानं हाक मारली की माझ्या पोटात दुखतं. ते नाव माझं होतं. निदान मी तसं धरून चालले होते. आपली कुलदेवी माहूरची रेणुका, घरात पहिली पोर मी, मग आणखी काय पाहिजे? उमरीच्या स्वैपाकघरात एकदा मी तुला विचारलंच, ते नाव मला का नाही ठेवलंस, तेव्हा तू भाकर थापता थापता म्हणालीस, "देवीचं नाव हाय ते. तुला दिवसभर शिव्या द्याव्या लागतेत. देवीला शिव्या देऊ का मी?" आणि त्याच दमात, "भवाने, तव्यावरची करपून राहिली, बघ की!" भवानीसुद्धा देवीच, तुळजापूरची, हे तुला सांगायची सोय नव्हती. तुझ्या हातात उलथणं होतं.

मग भावाचं लग्न. ताटात तांदूळ पसरलेत, नवरदेव अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितोय, आणि मी मान लांब करून वाचतेय: रेणुका. सुचवलेलं तूच. शिरूर अनंतपाळची परकी पोर, उंबरा ओलांडायच्या आधीच माझं नाव घालून बसली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. माझा अजून घशातच आहे. तिला मी आजवर नावानं हाक मारलेली नाही, 'अगं'वर भागवते.

इथं लातुरात मी वर्तमानपत्रात लोकांच्या टोप्या उडवून पोट भरते, त्यामुळे शब्दकोश हाताशी असतो. परवा सहज 'रेणू' काढून पाहिला. अर्थ: धूळ. इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी एसटीनं नांदेडला भावाचं घर गाठलं. ती मेथी निवडत बसली होती.

"अगं, तुझ्या नावाचा अर्थ सापडला. धूळ!"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "धूळ? बरं झालं बाई. लई जड गेलं बघा आक्का, हे नाव. आत्याबाईंनी मला एका शब्दानं रागवलं न्हाई कधी. मीठ जास्त पडलं तरी गप खायच्या. तुम्ही माहेरी आलात की मात्र 'भवाने' न् 'कार्टे', घर कसं भरून जायचं. मी मोरीत भांडी घासत ऐकायची. वाटायचं, मला बी एकदा म्हणाव्यात."

म्हणजे मी इतकी वर्षं जळत होते, आणि ही मोरीत बसून माझ्यावर जळत होती. हेवासुद्धा धड माझ्या एकटीचा ठेवला नाहीस तू.

मेथीची भाजी खाऊन परत आले. चांगली करते, त्यावरही जळते मी.

हे पत्र कुठं पाठवायचं, तुझा पत्ता नाही. पण एक सांगते. शब्दकोशात 'धूळ' संपल्यावर पुढं लिहिलंय: फुलातला पराग. ते मी तिला सांगितलेलं नाही, आणि इतक्यात सांगणारही नाही. यावर तुला 'भवाने' म्हणायचं तर म्हण. तो शब्द तरी माझा आहे.