फळ्यावरचा शनिवार

मंगळ. ४ फेब्रु.
‘जुना चाळकरी’ परत आला. चाळीच्या फेसबुक ग्रुपवरून दोनदा हाकलला, तिसऱ्यांदा नवीन खातं काढून हजर. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. प्रवेशाचा प्रश्न मीच ठेवलाय, दुसऱ्या मजल्याला पाणी किती वाजता येतं? उत्तर अचूक. म्हणजे बाहेरचा नाही, आपल्यातलाच मेला कुणीतरी.

आल्या आल्या लिहिलं, सेक्रेटरी सावंतांच्या प्राजक्ताला बिल्डरच्या ऑफिसात नोकरी कशी लागली ते विचारा. मी दहा मिनिटांत उडवलं, तोवर फोटो काढून सगळीकडे फिरलं. पोर दुपारपासून गॅलरीत आलेली नाही.

गुरु. ६
ह्या वेळी त्याला काढणार नाही. राहू दे. पकडायचाच आहे.

संशय तिघांवर. तिसऱ्या मजल्यावरचा परब, कारण त्याला सेक्रेटरी व्हायचं होतं. तळमजल्याची नलिनी, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. आणि मिलिंद कांबळे. लिहितानाच कसंतरी होतंय. समोरच्या गॅलरीतला मिलिंद, ग्रुप आम्ही दोघांनी सुरू केला, नियम सगळे त्याचे. पण पुनर्विकासाच्या कागदावर त्याने अजून सही केलेली नाही. विचारलं की म्हणतो, “वाचतोय ताई.” चार महिने काय वाचतो?

रवि. ९
सापळा लावला. बिल्डरची माणसं खोल्यांची मापं घ्यायला येणार आहेत, वार अजून ठरलेला नाही. मी फोनवर परबला सांगितलं रविवार, नलिनीला सोमवार, मि.ला शनिवार. तिघांनाही, “तुम्हालाच सांगतेय हं, कुणाला बोलू नका.” जु.चा. जो वार लिहील, तो ज्याला सांगितला तोच जु.चा.

ह्यांना सांगितलं नाही. हे म्हणतील, “तुका गो नसते उद्योग कित्याक?”

मंगळ. ११
शनिवार!!

जु.चा.: “शनिवारी चोरासारखे मापं घ्यायला येतायत. दारं उघडू नका.”

चाळीस वर्षं आमच्याकडच्या घावण्यांवर ह्याचा हक्क, ह्याच्या बायकोच्या, आशाच्या बाळंतपणाला मी के.ई.एम.ला रात्रभर बाकड्यावर, आणि हा असा? विचारावं तरी? नाहीच विचारलं. राग डोक्यात गेला होता. मि.ला ग्रुपमधून काढलं आणि वर लिहिलं, “विश्वासघात केल्यामुळे सहअ‍ॅडमिन मिलिंद कांबळे यांना काढण्यात येत आहे.”

संध्याकाळी त्याचा एकच मेसेज. “ताई, कुणाला काढायचं तर आधी त्याला कारण कळवायचं, हा आपला नियम होता.”

चोराच्या उलट्या बोंबा.

बुध. १२
जु.चा. गप्प. बघा, म्हणजे तोच.

परबने खाली लिहिलं, “बरं झालं. ह्या लोकांचं असंच असतं.” ह्या लोकांचं म्हणजे कुणाचं, हे त्याला तिथंच विचारायला हवं होतं. मी गुपचूप उडवून टाकलं. वाद नको म्हणून. शांतता ठेवणं माझं काम ना.

गुरु. १३
नलिनी हळद-कुंकवाचं राहिलेलं वाण द्यायला वर आली. म्हणते, “अगं सुषमा, तू मला सोमवार म्हणालीस आणि फळ्यावर तर शनिवार लिहिलंय. नक्की कधी?”

कुठला फळा?

जिन्याखालचा. पाणी बंद, कुणी गेलं, लाइनमन येणार, सगळं मिलिंद त्याच्यावर लिहितो. कॉलेजात होता तेव्हापासून. रविवारी रात्रीच लिहिलंन, खाली सही करून. माझा गुडघा धरल्यापासून पंधरा दिवस मी खाली उतरलेले नाही. अख्ख्या चाळीने वाचलं होतं, माझ्याशिवाय.

ह्यांना विचारलं, रोज दूध आणायला उतरता, दिसलं नाही? “दिसला. माका वाटला तुका म्हायत आसा.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्र. १४
गेले. गॅलरीला वळसा घालून, भिंत धरत धरत. आशाने दार उघडलं, बस म्हणाली नाही.

मि. म्हणाला, “तुम्ही कुणाला बोलू नका म्हणालात. पण लोक कामाला जातात, घर बंद असलं तर त्यांचं माप राहील. असली गोष्ट लपवायची कशाला? म्हणून लिहिलं.” मग म्हणाला, “तुम्ही दार वाजवून विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

मी रडले. सापळ्याचं सगळं सांगितलं, वार अजून ठरलेलाच नाही हेही. ग्रुपमध्ये परत घेते म्हटलं. तो म्हणाला, “घ्यायची घाई नको. जिथं विश्वासघात लिहिलात तिथं आधी खरं लिहा. माझा मुलगा तो ग्रुप वाचतो.”

हो म्हणून आले. रात्री तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. ‘गैरसमज’ लिहून सुटत नाही. संशय मी घेतला, हे लिहायला हवं. आणि परबचं वाक्यही.

शनि. १५
सकाळी लिहायला बसले. ग्रुप उघडला तर माझ्या त्या सूचनेखाली जु.चा. परत आलेला.

“सुषमाताई, अभिनंदन. आता ग्रुप आपल्या माणसांचा झाला.”

मला शिव्या घातल्या असत्यान तर चाललं असतं.

खाली एकोणीस अंगठे. कुणाकुणाचे ते बघत गेले. परब होताच. माझी भाची, बदलापूरला असते. ज्यांच्या घरी मिलिंद रात्री डॉक्टर घेऊन धावला होता ते पाटकर. प्रत्येक नावाशी थांबून, हा असेल का जु.चा., ही असेल का.

अकरावं नाव ह्यांचं.

हे बाहेर गॅलरीत बसलेत, फोन हातात. चहा झाला का म्हणून दोनदा विचारून झालं. मी अजून उठलेले नाही. पहिली ओळ लिहिली आहे, “मिलिंद कांबळे यांचा काही दोष नव्हता, दोष माझा.” पुढची लिहिण्याआधी ह्यांना आत बोलवायचं की आधी लिहून टाकायचं?