न काढलेला पत्रा

प्रिय तात्या,

आज काकूने विचारलं, म्हणून लिहितोय. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. चहाचा कप हातात देत ती म्हणाली, "मिलिंद, खरंच यांचीच चूक व्हती का रे?" आणि मी काय म्हणालो? "चौकशी होऊ दे, काकू." कसली ही माझी जीभ!

साखर कारखान्यातच काय, परतूरच्या टपऱ्यांवरही हेच चाललंय. बॉयलर तात्यांच्या हाती होता, त्यांनी वाफ जास्त तापू दिली, म्हणून पाइप फुटला आणि तेच त्यात गेले.

बॉयलर अग्निप्रदीपनाचा आदला दिवस आठवतो ना? पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडव पडला होता आणि मी वाफेचे पाइप तपासत होतो. धातूत ध्वनिलहरी सोडायच्या, परत येणारा प्रतिध्वनी पडद्यावर बघायचा, हे माझं काम. तुम्ही वर बोट दाखवलंत, "त्या वळणावरचा पत्रा काढ. पाइप फुगून राह्यला, मला बराबर वाटत न्हाई."

पत्रा काढा, खालची उष्णता अडवणारी लोकर काढा, पाइप घासा; अर्धा दिवस गेला असता. "तात्या, मला मशीन शिकवू नका," म्हणालो. मला आयटीआयला घालणाऱ्या माणसाला! दोन थोबाडीत का नाही मारल्यात? तुम्ही नुसतं म्हणालात, "मंग तुझं तू बघ."

बाकीचे पाइप चांगले निघाले. अहवालात त्या वळणासमोरही मी "ठीक" लिहून टाकलं. न तपासता.

काल भंगारातून त्याच फुटलेल्या वळणाचा तुकडा शोधला आणि मशीनचा प्रोब लावला. जाडी पूर्ण भरली, तात्या. पण प्रतिध्वनी पार विस्कटलेला. वर्षानुवर्षं तापून धातू आतून बारीक छिद्रांनी पोखरला होता. हे एका दिवसाच्या जास्त वाफेने होत नाही. तुम्ही चुकला नव्हतात.

आणि मी दोन महिने गप्प! सर्टिफिकेट जाईल, नोकरी जाईल, याच भीतीने. लाज वाटते हो.

उद्या आधी काकूसमोर बसून सगळं सांगणार. तिने दारातून हाकललं तर हाकलू दे. तिथून तो तुकडा घेऊन थेट चौकशी अधिकाऱ्यांकडे. तुमचं नाव चौकशीच्या कागदावरून काढायचं, तर तिथे माझं घालावं लागेल. मी ते माझ्या हाताने लिहून देईन.

तुमचा पुतण्या,
मिलिंद