हात न लावता

दि. ९, शनिवार

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

येथे सर्व ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो आणि तीही कुरकुरते. दोघांनाही सकाळ-संध्याकाळ तेल लावीत असतो.

हे पत्र जावईबापूंच्या डब्याच्या पिशवीतून पाठवीत आहे. बाबा फोन का उचलत नाहीत, असे तू त्यांना विचारलेस म्हणे. हल्ली फोनवर सगळेच तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलतात. आवाज येतो, शब्द येत नाहीत. दोष यंत्राचा आहे. शिवाय जे नीट लिहिता येते, ते ओरडून का सांगावे? माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले, परंतु माझ्या पत्रात चूक काढून दाखवावी, असे मी आजही म्हणू शकतो.

त्या दिवशी तुझ्या इस्पितळातून मी मध्येच उठून आलो, त्याचा तुला राग आला असेल. मलाही आला आहे. ज्याने जन्मभर कानावर पोट भरले, त्याला गाद्या लावलेल्या बंद खोलीत बसवायचे, हातात बटण द्यायचे आणि 'आवाज आला की दाबा' असे सांगायचे! पुढे तो लोखंडी नादकाटा तू माझ्या कानाशी धरलास. मी म्हणालो, वाजत नाही. त्याची दांडी मनगटावर टेकवलीस. मी म्हणालो, आता वाजतो. तेव्हा तू जावईबापूंच्या देखत म्हणालीस, "बाबा, हे ऐकणं नाही. हे हाताला कळणं आहे."

आवाज म्हणजे कंप, हे मला आमच्या मास्तरांनी शिकवले आहे. तो हवेतून कानाशी येवो अथवा हाडातून, आवाज तो आवाजच. तुझे म्हणणे असे की, कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यात अतिबारीक केसांची रांग असते, आणि उंच सुरांचे केस अगदी दाराशी असल्यामुळे कारखान्याच्या गोंगाटात तेच आधी पडतात. डोक्यावरचे पडले ते आरशात दिसले, म्हणून मानले. आतले पडले, हे कोणी पाहिले?

असो. कामाचे लिहितो.

काल कारखान्यात मोठे चाक आले. ओतीव लोखंड घासण्याचे. सोमवारी ते जावईबापूंच्या यंत्रावर चढेल. नवे चाक माझ्या हाताखालून गेल्याशिवाय चढत नाही, हे तुला ठाऊक आहे. लहान चाक मी बोटावर लटकवतो आणि लाकडी हातोडीने कडेजवळ हलकेच वाजवतो. धड असेल तर त्याचा नाद बराच वेळ टिकतो. आत तडा असेल तर नुसते ठक्क होते, कारण कंप तड्याशी अडतो. असा तडा डोळ्यांना दिसत नाही. रिकामे फिरवून पाहावे, तर तेवढ्यापुरते ते टिकतेही. पुढे लोखंड दाबले की फुटते. फुटलेल्या चाकाचे तुकडे कुठवर जातात, ते आमच्या छताच्या पत्र्यातले भोक आजही सांगते. मोठे चाक बोटावर पेलत नाही. ते जमिनीवर उभे करून वाजवावे लागते.

वाजवले. "चालेल," म्हणालो. फोरमनने त्यावर खडूने खूण केली. टर्नर काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो, जरा मागाहून. "म्हाताऱ्याचा कान म्हणजे सरकारी शिक्का," असे तो म्हणाला होता, हे जावईबापूंनी मला नंतर सांगितले.

सोमवारी त्यांना म्हणावे, चाक सुरू करताना जरा... असो. ते सांभाळूनच काम करतात.

तुझे बाबा


दि. १०, रविवार

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी जावईबापूंनी आणून दिली. एवढ्या मोठ्या पत्राला तू एका ओळीचे उत्तर धाडलेस. नमस्कार नाही, खुशाली नाही. "बाबा, मोठ्या चाकाला हात लावला होता का?"

नाही. मोठ्या चाकाला हात लावायचा नसतो. लावला की नाद मरतो. हे शेंबड्या पोरालाही कळेल.

जावईबापू बाहेर तुझ्या आईजवळ बसले आहेत. उत्तर घेऊनच जाईन, असे म्हणतात. त्यांचे बोलणे मला येथे ऐकू येते. काय बोलतात, ते मात्र... तुझी आई हसली म्हणजे काही विनोदाचे असावे.

तुझी चिठ्ठी वाचून मी स्वयंपाकघरात गेलो आणि पितळेची वाटी घेतली. तळहातावर ठेवून चमच्याने वाजवली. छान वाजली, पुष्कळ वेळ. मग टेबलावर ठेवून वाजवली. ठक्क. पुन्हा वाजवली. ठक्क. वाटीला तडा नाही. आठवत असेल, लहानपणी तू तीच आपटायचीस. मी आणखी वाजवली. तेवढ्यात तुझी आई दारात आली आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, पुरे की आता! डोकं उठलं माझं त्या किणकिणाटानं!"

तेव्हा माझा हात वाटीला लागलेला नव्हता. चमचाही मी केव्हाच खाली ठेवला होता. आणि ती अजून कानांवर हात ठेवून उभी होती.

यावरून काही सिद्ध होते, असे मी म्हणत नाही. वाटी वेगळी, चाक वेगळे. चाक धडही असू शकेल. बहुतेक असतातच. परंतु शुक्रवारी मी हातोडी मारली तेव्हा मला ठक्क एवढेच मिळाले, आणि पुढचा नाद यंत्रांच्या आवाजात बुडाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. "चालेल" हा शब्द सवयीने निघाला.

जावईबापूंना उद्या घरी ठेवून घे, असे लिहिणार होतो. पण मग त्या यंत्रापुढे दुसऱ्या कोणाचा तरी जावई उभा राहील.

ते उठले आहेत. दारातून माझ्याकडे पाहून काही विचारीत आहेत. मी मान हलवली. कशाला हलवली, ते ठाऊक नाही. पाकीट बंद करतो.

बाबा


दि. ११, सोमवार

चि. सौ. बेबीस,

जावईबापू सुखरूप आहेत. काल माझी मान हललेली पाहून ते तसेच निघून गेले आणि पाकीट माझ्याकडेच राहिले. तेही या पत्राबरोबर त्यांच्याच हाती देत आहे, म्हणजे वाचण्याआधी तुला ते स्वतःच दिसतील.

मी पोहोचलो तेव्हा चाक चढलेले होते. जावईबापू चष्मा लावून पुढे उभे, फोरमनचा हात बटणावर. मी म्हणालो, "चाक उतरवा."

फोरमन म्हणाला, "काका, सकाळी सकाळी चेष्टा नको. तुम्हीच चालेल म्हणालात ना?" त्याने हे दोनदा म्हटले, कारण पहिल्यांदा मला कळले नाही.

"म्हणालो. पण ऐकून म्हणालो नाही."

मग टर्नर पुढे आला. "म्हणजे? आजवरची सगळी चाकं अशीच?"

"लहान चाकं बोटाला कळत होती. ती बरोबर होती. हे बोटावर आलं नाही."

"आणि फुटलं असतं तर, शिक्केवाले?"

मी हातोडी आणायला वळलो.

चाक उतरवले. सगळी यंत्रे बंद केली. कारखाना असा गप्प मी कधी पाहिला नव्हता. की हल्ली मला तो नेहमीच थोडा गप्प असतो, कोण जाणे. हातोडी मी जावईबापूंना दिली आणि कडेजवळची जागा दाखवली. त्यांनी वाजवली.

ठक्क.

मी चाकाकडे पाहत होतो, मग माणसांकडे पाहू लागलो. कोणी हलत नव्हते. फोरमनने मान एका बाजूला कलती केली होती. टर्नरचे तोंड किंचित उघडे राहिले होते. ते सगळे कशाची तरी वाट पाहत होते, आणि ते जे काही होते ते संपले तेव्हा सर्वांचे खांदे एकदमच खाली आले. जावईबापू माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडाकडे पाहून सावकाश म्हणाले, "मामा, धड आहे. घंटेसारखं वाजतंय."

चाक निर्दोष होते. मी चूक केलेली नव्हती, एवढेच म्हणता येईल. बरोबर केले होते, असे म्हणता येणार नाही.

त्यांनी ते चारी बाजूंनी पुन्हा वाजवून पाहिले. मध्येच एकदा माझा हात धरून चाकाकडे नेऊ लागले. मलाही कळावे, म्हणून. मी हात मागे घेतला. बाकीचे ऐकत होते.

हातोडी आता त्यांच्याकडेच राहील. लाकूड माझ्या मुठीप्रमाणे झिजले आहे. दांडा नवा बसवून घ्यायला सांग.

तुला वेळ असेल त्या दिवशी मी येतो. माझ्यासमोर बसून, तोंड दिसेल असे बोल. त्या बंद खोलीत बसेन आणि आवाज आला तरच बटण दाबीन. नाही आला तर दाबणार नाही, मग तू काचेपलीकडून कितीही वाट पाहा.

आणि तो नादकाटा कानाशी धर. मनगटावर टेकवू नकोस.

तुझा बाप