घुबडाने सुधारलेली समीकरणं

रिबे, मंगळवार

थोरल्या ताईस, म्हणजे गुनहिल्डबाईंस, धाकट्या आस्गरचा नमस्कार.

तुझी बोटं अजून आखडतात का? माझा गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो. आईचं उन्हाळी घर मी तुला न विचारता विकलं, त्याला मे महिन्यात दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून माझ्या एकाही पत्राला तुझं उत्तर नाही. (नसेल द्यायचं तर राहू दे. आपलं सहज लिहिलं.)

तर, रिकामपणाचा उद्योग म्हणून मी गणिताच्या एका ऑनलाइन चर्चेत शिरलो. पस्तीस वर्षं फळा खरडलेला माणूस मी, म्हटलं, यात काय मोठंसं! अगं, तिथे समीकरण डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये कोंबावं लागतं (आपल्या देशाचं चलन क्रोन असेना का, गणिताला डॉलरच लागतो). मी पहिलं चिन्ह टाकलं, दुसरं विसरलो. झालं! पुढचा सगळा मजकूर, माझ्या गुडघ्याच्या तक्रारीसकट, तिरका होऊन एकमेकांना चिकटला, आणि एका नॉर्वेजियन गृहस्थाने विचारलं, "काका, यातला गुडघा चल धरायचा की स्थिरांक?"

दुसऱ्या दिवशी क्ष अधिक एक, या सगळ्याला दोनने भागायचं होतं. कंस राहिला आणि एकटा एकच भागला गेला. मी न केलेलं विधान चौदा जणांनी खोटं ठरवलं! वैतागून वहीचा फोटो टाकला, तर म्हणे हस्ताक्षर चालत नाही. फक्त 'घुबड' नावाचं कुणीतरी रोज यायचं, माझे कंस निमूट लावून द्यायचं आणि खाली लिहायचं, "मास्तर, चष्मा पुसा."

दुसऱ्या आठवड्यात घुबड अहो-जाहो विसरलं. "कंस उघडलास की आधी मिटव, मग आत काय ते भर." हे वाक्य मी जन्मात एकाच माणसाकडून ऐकलंय, सात वर्षांचा असताना, आणि वर टपली खाल्लीय. मी ओळख दाखवली नाही. रोज चुकत राहिलो, रोज "माझी चूक, माफ करा" लिहीत राहिलो.

तब्येतीला जप.

तुझा आस्गर

ता.क. टंकन मला तू ते कंसाचं वाक्य लिहिलंस त्याच दिवशी जमलं होतं. नंतरचे कंस मुद्दाम उघडे टाकले. नाहीतर तू आली नसतीस.

ता.क. आणखी एक. त्यानंतर मी अकरा वेळा माफी मागितली. ती घराबद्दल होती, ताई. फार वाईट वागलो मी. रविवारी जेवायला येतेस का?