पाटीवरची पाच बोटं

तिसगाव,
ता. ४ सप्टेंबर २०२५

चि. सुकन्या हीस आजीचा आशीर्वाद. वि. वि. फोन लावू नको म्हनून लिवते. फोनवर तू गप ऱ्हातीस आन् मला ऐकू येत न्हाई, मंग त्या मोबाईलवाल्याचं भलं कशापायी करायचं?

तुझा बाप, माझा काकासाहेब, श्रावनात गेला. जेवून उठला, हात धुतला, बाजंवर बसला तो बसलाच. बाया म्हनत्यात, छबूबाई, एकदा रडा, मोकळ्या व्हा. मला कुनी कोंडलंय का मोकळी व्हायला? डोळ्याला पानी न्हाई, जिबंला चव न्हाई. कालवनात मीठ पडलं का न्हाई ते तुझ्या आईला इचारते, तर तिलाबी कळत न्हाई. दोघी आळनी खातो.

हायवेवरचं दुकान बंद हाय. ट्रकवाले येत्यात, हारन वाजवत्यात, शटर बघून जात्यात. काकासाहेब चाकाला दोरा लावून चाक सरळ करायचा, ते त्याच्यासंगं गेलं. कर्जतहून तुझा मामा पार्थ आला हुता. म्हनला, दुकान हाटेलवाल्याला देऊन टाका, दिवाळीच्या आदी मी ताईला न्यायला येतो, ती आता तिकडंच ऱ्हाईल. तुझी आई पंकजा हो बी म्हनली न्हाई आन् न्हाई बी म्हनली न्हाई. बाजारात बैल उभा ऱ्हातो तशी उभी. मला कुनी इचारलंच न्हाई. तिनं जाऊ नये आसं मला वाटतं, पर हे तिला सांगू नको, डोक्यावर बसंल.

तू पुन्याच्या कंपनीत क्यामेऱ्यानं चाक बघायचं यंत्र करतीस म्हनं. तुझ्या आईला जमंल आसं आसलं तर धाड. नसलं तर तसं कळव, उगं झुलवू नको.

लोभ ठेव. न ठेवून जाशील कुठं?

तुझी आजी छबूबाई

*

पुणे,
ता. ११ सप्टेंबर

ती. आजीस सुकन्याचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. माझंही तुझ्यासारखंच आहे. दिवसभर चाकांचे फोटो बघते, खोलीवर येते, झोपते. आबा गेले हे मला माहीत आहे, पण ते अजून माझ्यापर्यंत पोचलेलं नाही.

यंत्र पाठवते. चाचणीसाठी बनवलेलं एक कंपनीत पडून होतं, साहेब म्हणाले, तुमच्या दुकानात वापरून बघा. प्रत्येक चाकाला एक पाटी अडकवायची. पाटीवर काळे-पांढरे ठिपके आहेत. खांबावरचा कॅमेरा ते ठिपके बघतो आणि कोणतं चाक किती वाकडं आहे ते पडद्यावर सांगतो. आईने हिरवं येईपर्यंत टाय रॉड फिरवायचा, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा दांडा. आबांच्या हाताखाली तिने तो कितीदा धरलेला आहे. चिखल, ग्रीस, पावसाचं पाणी, सगळं ओळखायला मी कॅमेऱ्याला शिकवलंय.

तू मात्र त्याच्याशी भांडू नकोस. त्यालाही ऐकू येत नाही.

आहे ती माया तशीच असू दे.

तुझी सुकन्या

*

तिसगाव,
ता. ६ ऑक्टोबर

चि. सुकन्या हीस आशीर्वाद. वि. वि. यंत्र आलं, चाललं आन् बंदबी पडलं. आता नीट वाच.

पयले काही दिवस बरे गेले. ट्रकवाले हसायचे, म्हनायचे वहिनी टीव्ही बघून चाक सरळ करत्यात. पर गाड्या सरळ पळायला लागल्या तशी तोंडं बंद झाली. तुझी आई दुपारची भाकर दुकानावर खायला लागली.

मंग खंडेनवमी आली. वरीसभर सन करायचा न्हाई हे मलाबी कळतं, पर हत्याराला कसलं सुतक? पाना, जॅक, खांब, पाट्या, समदी मांडली. पंकजा करंड्याला हात लावंना. मी म्हातारी, मला कोन काय म्हननार? मीच हळद-कुंकू लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खाजाभाई आला. तुझ्या बापाचा जुना दोस्त, कांद्याचा ट्रक त्याचा. यंत्र म्हनलं डावं चाक वाकडं, पंकजानं रॉड फिरवून हिरवं आनलं. नगरला माल टाकून येताना करंजीच्या घाटात गाडी दरीकडं ओढाय लागली. जीव मुठीत धरून उतरला. दुकानाशी येऊन नुसता चाकाकडं बघत बसला. शिव्या दिल्या आसत्या तर बरं हुतं.

बाकीचे बोलले. बाईच्या हातात ट्रक दिल्यावर दुसरं काय व्हनार, म्हनले. पंकजानं शटर वढलं, चावी माझ्या म्होरं ठेवली आन् कर्जतला जायची पिशवी भरली. चूक तिची का यंत्राची, तेवढं सांग.

माया आटवू नको.

आजी

*

पुणे,
ता. ९ ऑक्टोबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. स्पीड पोस्टाने पाठवते. आई फोन उचलत नाही.

चूक आईची नाही. यंत्राने त्या दिवशी काढलेले फोटो इथे पाहिले. डाव्या चाकाच्या पाटीवर पाच बोटं उठली आहेत, कुंकवाची. ती तुझी आहेत. कुंकू काळ्या ठिपक्याला चिकटून बसलं, यंत्राला ठिपका मोठा आणि सरकलेला दिसला, म्हणून सरळ चाक त्याने वाकडं ठरवलं, आणि हिरवं आणताना ते खरंच वाकडं झालं. चिखल मी शिकवला, कुंकू नाही शिकवलं. खंडेनवमीला हत्यारांना कुंकू लावणाऱ्या घरातली मुलगी मी, आणि मला ते सुचलं नाही.

पाट्या पुसून घ्या. आईला थांबव. कसं ते तूच बघ.

माझ्यावर रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

सुकन्या

*

तिसगाव,
ता. १७ ऑक्टोबर

चि. सुकन्या हीस आशीर्वाद. वि. वि. पार्थ आला आन् एकलाच माघारी गेला, हे आदी सांगते. कसं झालं ते ऐक.

तुझा कागद पंकजाला दिला. ती म्हनली, आत्याबाई, पोरगी आईला पाठीशी घालतीया. मंग मी पाटी पुसली न्हाई. तशीच काखंत मारली आन् चहाच्या टपरीवर गेले. समदे ड्रायव्हर हुते. त्या डागांवर माझी बोटं ठेवून दावली. म्हनलं, हात माझा हाय, सुनेला नावं ठेवायची तर आदी ह्या हाताला ठेवा. एक जन म्हनला, म्हंजी यंत्राच्या अंगात आलं हुतं. समदे हसले. मी हसले न्हाई. खाजाभाई म्हनला, आमच्या अम्मानं एकदा गाडीच्या आरशाला ताईत बांधला, मला मागचं काय बी दिसंना, पर अम्माला कोन बोलनार?

तसाच उठला आन् ट्रक दुकानाम्होरं लावला. पंकजा दारात आली, पर हात लावंना. त्यो म्हनला, वहिनी करनार नसतील तर मी ही गाडी अशीच वाकडी चालवीन. तवा तिनं माझ्याकडनं चावी घेतली. पाट्या पदरानं पुसल्या. पडद्यावर हिरवं आलं. तरी तिचा इश्वास बसंना. म्हनली, मी केबिनीत बसल्याबिगर गाडी हलनार न्हाई. मी म्हनलं, मंग मीबी येते. दोघांनी मला पोत्यावानी वर वढली.

घाट चढलो, घाट उतरलो. पंकजा रस्त्याकडं बघत हुती. खाली सरळ रस्त्याला लागलो, गाडी बिगी पळाय लागली, आन् खाजाभाईनं ष्टेरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. गाडी रेघ वढल्यागत सरळ चालली.

सुकन्या, तुझा बाप गेला तवा मला काय झालं न्हाई. तेराव्याला झालं न्हाई. तिथं माझ्या छातीत धडधडलं. मरायचं भ्या वाटलं. मी पंकजाचा दंड आवळून धरला. ती म्हनली, आत्याबाई, नखं रुतत्यात. मी सोडला न्हाई.

खुशाली कळवत जा. लोभ हाय, तुजाबी आसू दे.

तुझी आजी छबूबाई