वेगळं ताट

प्रिय ऋचा,

अदीबनं माझ्या ताटात हात घातला आणि तिथंच माझं सगळं बदललं. हसू नकोस. "इथली नोकरी सोडून पनवेलला येऊ का?" असं तू जर्मनीहून विचारलंस, त्याचंच उत्तर लिहितोय. फोनवर मी नुसता भांडलो असतो.

कॉलेज सोडल्यापासून मी कुमुदताईंच्या पाळणाघराची व्हॅन चालवतो, ते तुला ठाऊकच आहे. अदीब तिथला नवा मुलगा, तीन वर्षांचा. आल्यापासून घास घेत नव्हता. कुमुदताई मायेनं त्याच्यापुढं त्याचं स्वतःचं, लख्ख घासलेलं ताट ठेवायच्या आणि तो भिंतीकडं तोंड करायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्यापासून पाठवू नका म्हणावं. उपाशी पोर मला बघवत नाही." माझं डोकं सटकलं. त्याला घरी सोडताना मी त्याच्या आजीवर, हव्वाबींवरच, दारात ओरडलो, की पोराला काय लाडावून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "गरम होऊ नको बाबा, आत ये." आत सगळं घर एका मोठ्या थाळ्याभोवती बसलं होतं. अदीब मधेच घुसला आणि दोन्ही हातांनी जेवायला लागला. मी वेगळ्या ताटाचं सांगितलं, तशा हव्वाबी हसल्या. "आमच्यात बीमार माणसालाच वेगळं वाढतात. पोरगा घाबरला असेल, आपल्याला काय झालंय म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी तरीही त्याला पाळणाघरात आणलं, जेवताना त्याच्याशेजारी मांडी घातली आणि माझं ताट मधे सरकवलं. त्यानं आधी मला एक घास घेऊ दिला. मग मूठभर भात उचलला. "अरे प्रणित, उष्टं रे ते," कुमुदताई म्हणाल्या. मी भांडायला तोंड उघडणार, तोच त्याच म्हणाल्या, "बरं, आता उठू नकोस. डाळ वाढते."

आता तुझी लेना, तिथं तू सांभाळतेस ती पोर. तू घास भरवायला जातेस, ती चमचा ढकलते, आणि तू रडत मला लिहितेस, "मी तिला आवडतच नाही." अगं, आपल्याकडं भरवणं म्हणजे माया. तिच्या घरी कसं असतं, ते तिच्या आईला विचार. चमचा तिच्या हातात दे, नुसती शेजारी बस. सांडलं तर सांडू दे.

खरं तर मी 'ये' एवढंच लिहायला बसलो होतो. तो कागद फाडला. तू यावीस म्हणून मी किती वेडा झालोय, ते अख्ख्या उरण नाक्याला माहीत आहे. पण एका पोरीनं आपल्याला नाकारलं, असं मनात धरून येऊ नकोस. राहा. ती तुझ्याशेजारी बसून पोटभर जेवली की कळव. त्यानंतर यावंसं वाटलं तर ये, मी इथंच आहे. पाकीट चिकटवतो, नाहीतर पुन्हा खाडाखोड करीन. पोस्टात टाकायला निघालोच. हे बघ, चपलाही पायात घातल्यात.

तुझाच,
प्रणित