बोटाचा जोर

३ मार्च
टाचणी आज रडली. पीएच.डी.साठी माझ्याकडे आली तेव्हापासून सगळ्यांना टोचून बोलणारी मुलगी. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

तिसऱ्यांदा तोच निकाल. जिच्या पेशीपटलातलं ते एक प्रोटीन आम्ही काढून टाकलंय, ती बुरशीही प्लेटमधल्या जेलीसारख्या आगरात घुसते — धडधाकट बुरशीइतकीच. माझ्या पेपरात तर उलट लिहिलंय: ते प्रोटीन नसेल तर आपण कशाला तरी टेकलोय हे बुरशीला कळतच नाही, ती तंतू काढत नाही, आत शिरत नाही.

मी म्हटलं, "तुझा हात बसलेला नाही अजून."

"तीनदा, मॅडम?"

"पुन्हा कर."

५ मार्च
भांडी घासत होते. नवरा ओट्याला टेकून — "माझ्या चहाच्या मगशी काय वैर आहे तुझं? स्वतःचा नुसता विसळतेस, माझा खरवडतेस."

"चहाचं पुट असतं त्यात."

"बघायच्या आधीच सुरू होतेस तू."

हसले. मग नळ नुसताच वाहत राहिला.

पाच दिवस वाढलेली बुरशी नळाखाली धरून हातमोज्याच्या बोटाने चोळून काढायची. आत रुतलेली तेवढी मागे राहते. एवढीच चाचणी. सहा वर्षांपूर्वी त्या प्लेटा मी धुतल्या. कुठली कोणती, ते तळाशी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. जास्त चोळलं का? आठवत नाही.

आठवतं. बिनप्रोटीनच्या एका प्लेटवर डाग राहिला होता. ती पुन्हा नळाखाली धरली. मग तिच्या शेजारचीही. धडधाकटांतली एकही नाही.

६ मार्च
टाचणी म्हणाली, "या वेळीही चुकलं तर सोडते मी. हे माझं काम नाही बहुतेक."

तेव्हाच सांगायला हवं होतं. "बघू," म्हणाले. गुपचूप दोन्ही बुरशींच्या मिळून बारा प्लेटा लावल्या.

११ मार्च
सुट्टी. प्रयोगशाळेत एकटीच. प्लेटांच्या नावांवर चिकटपट्ट्या लावल्या, सगळ्या उलटसुलट केल्या, घड्याळ लावून प्रत्येक प्लेट वीस सेकंद धुतली. मग पट्ट्या काढल्या.

फरक नाही. बाराही प्लेटांत सारखीच रुतलेली.

म्हणजे टेकल्याची वर्दी दुसरंच कुठलं तरी प्रोटीन देत असणार. टाचणीने हे पहिल्याच वर्षी सुचवलं होतं. मी म्हटलं होतं, फाटे फोडू नकोस.

उद्या सांगायचं. आधी तिला, मग पेपर छापणाऱ्यांना.

१२ मार्च
ती दारातच उभी, हातात प्लेटा. "मॅडम, जुळलं! अगदी तुमच्या पेपरासारखं."

"काय बदललंस?"

"हात. नव्या मुलांसाठी तुम्ही व्हिडिओ केला होतात ना, तो वीसदा पाहिला. कुठली प्लेट तुम्ही किती चोळता, अगदी तसंच चोळलं."